नाण्याची झीज आणि नाण्याची प्रत

मराठवाड्यातील जुन्या घरांत देव्हाऱ्याच्या खणात, फडताळात किंवा आजीच्या पितळी डब्यात एखादा चांदीचा रुपया हमखास सापडतो. बीड जिल्ह्यात हा रुपया बहुधा दोन प्रकारचा असतो. एकावर चारमिनारचे चित्र असते. तो निजामाच्या राज्यातला हाली रुपया. दुसऱ्यावर इंग्लंडच्या राणीचा किंवा राजाचा मुखवटा असतो. तो कलदार रुपया. बीड १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होते आणि या भागात दोन्ही नाणी व्यवहारात होती. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा हिशेब तेव्हाच्या माणसांना तोंडपाठ असे. भारतीय रुपया आल्यावरही काही वर्षे हाली सिक्का चालत राहिला. तो अखेर १९५९ साली रद्द झाला.

असा रुपया हाती आला की दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘याचे किती येतील?’ आणि दुसरा, ‘हा काळा पडलाय, घासून स्वच्छ करू का?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत विचारण्याआधीच दिले जाते. चिंच किंवा राख घेऊन रुपया लखलखीत केला जातो आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे बदलून जाते. असे का होते हे समजण्यासाठी नाण्याची प्रत म्हणजे काय आणि नाणे झिजते म्हणजे नेमके काय होते, हे पाहावे लागेल. त्यात भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि थोडे संख्याशास्त्रही आहे. शाळेच्या प्रयोगासाठी हा विषय उत्तम आहे, कारण त्याचे साहित्य प्रत्येकाच्या खिशात असते.

हाली आणि कलदार

आधी सात आणि सहा या प्रमाणाचे कोडे सोडवू. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असे आणि त्यात शेकडा ९१.७ भाग चांदी असे. म्हणजे शुद्ध चांदी झाली सुमारे १०.६९ ग्रॅम. त्याच काळातील चारमिनार रुपया ११.१८ ग्रॅमचा असून त्यात शेकडा ८१.८ भाग चांदी असे. म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. आता १०.६९ ला ९.१४ ने भागा. उत्तर येते १.१७. सात भागिले सहा केले तरी उत्तर १.१७ च येते. बाजारातला भाव आणि नाण्यातली चांदी यांचे गणित असे जुळत होते. (युद्धाच्या काळात दोन्ही रुपयांतील चांदी निम्म्यावर आली. त्यामुळे नाण्यावरचे वर्ष पाहिल्याशिवाय हे आकडे वापरू नयेत.)

चांदी एवढेच मोल असेल, तर झिजलेला रुपया आणि नवा कोरा रुपया यांत फार फरक पडायला नको. सोनाराच्या तराजूत तो पडतही नाही. संग्राहकाच्या नजरेत मात्र त्याच टांकसाळीच्या, त्याच वर्षाच्या दोन नाण्यांच्या किमतीत कितीतरी पटींचे अंतर असू शकते. हे अंतर ठरते ते प्रतीवरून.

झीज किती असते?

रुपया खिशात, बटव्यात, गल्ल्यात दुसऱ्या नाण्यांवर घासतो. हातोहात जाताना बोटांवरची धूळ त्याला घासते. प्रत्येक वेळी धातूचा अतिशय सूक्ष्म अंश निघून जातो. तो किती, याचा अंदाज आपण करू शकतो.

१९०६ च्या नाणे कायद्यात एक मर्यादा होती. रुपयाचे वजन ठरलेल्या वजनापेक्षा शेकडा दोनहून अधिक घटले, तर तो कायदेशीर चलन राहत नसे. ११.६६ ग्रॅमचे शेकडा दोन म्हणजे ०.२३ ग्रॅम. या मिश्रधातूची घनता साधारण १०.३ ग्रॅम प्रतिघनसेंटिमीटर आहे, म्हणजे गेलेल्या धातूचे घनफळ ०.०२२ घनसेंटिमीटर. रुपयाचा व्यास ३ सेंटिमीटरहून थोडा अधिक असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १४.६ चौरस सेंटिमीटर भरते. गेलेला धातू या क्षेत्रावर सारखा पसरला आहे असे मानले, तर थराची जाडी येते सुमारे १५ मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. केसाच्या पावपट जाडीचाही थर गेलेला नसताना रुपया कायद्याने बाद होत होता!

अर्थात धातू असा सारखा जात नाही. नाण्यावरच्या उंचवट्यांना सर्वात आधी आणि सर्वात जास्त घर्षण सोसावे लागते. राजाच्या मुकुटातील रत्ने, गालफड, राणीच्या कानावरची केसांची बट, चारमिनारच्या सज्जांच्या बारीक रेषा, कमानीतील अक्षर, हे भाग आधी सपाट होतात. सखल भाग उंचवट्यांच्या आडोशाला सुरक्षित राहतो. म्हणूनच प्रत ठरवणारा माणूस नाणे हाती घेतल्यावर पहिल्यांदा त्याच्या सर्वात उंच बिंदूंकडे पाहतो.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचे उदाहरण पाहा. राजाच्या झग्यावरील पदकमाळेत एक छोटा हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड इतकी आखूड होती की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून ओरड झाली, नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारून नाणी पाडली गेली. हा हत्ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा आहे. त्याची सोंड, पाय, कान भिंगाखाली वेगळे दिसतात की एक गुळगुळीत गोळा दिसतो, यावरून तो रुपया किती हातांतून गेला असेल ते कळते.

डोळा तराजूपेक्षा तीक्ष्ण

टांकसाळीत नाणे पाडताना धातूची चकती दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाखाली दाबली जाते. त्या क्षणी घन धातू पिठाच्या गोळ्यासारखा मध्यापासून कडेकडे सरकतो. या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या पृष्ठभागावर उमटतात. साध्या डोळ्यांना त्या एकेक दिसत नाहीत, पण त्यांच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश दिसतो. कोरे नाणे एका दिव्याखाली धरून हळूहळू कलते करा. प्रकाशाचे दोन पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावर फिरताना दिसतील. यालाच नाण्याची मूळ झळाळी म्हणतात.

ही झळाळी असलेला थर किती पातळ आहे ते पाहा. नाण्याच्या दोन्ही बाजूंवरून एक मायक्रॉन धातू गेला, तर वजनातील घट होईल सुमारे ०.०१५ ग्रॅम. सोनाराच्या ०.०१ ग्रॅम मोजणाऱ्या काट्याला ती जेमतेम कळेल. पण तेवढ्याने उंचवट्यांवरची झळाळी गेलेली असते आणि सरावलेल्या डोळ्याला ती तत्काळ कळते. चलनात न आलेले आणि थोडेसे वापरलेले नाणे यांतला फरक इथे आहे. एकदा गेलेली ही झळाळी कोणत्याही उपायाने परत येत नाही. घासून आणलेली चमक वेगळी असते. तिच्यात आऱ्या फिरत नाहीत, असंख्य बारीक समांतर ओरखडे दिसतात.

प्रतींची शिडी

जगभरच्या संग्राहकांत वापरली जाणारी प्रतींची नावे इंग्रजी आहेत आणि ती नवख्याला फसवतात. ‘गुड’ म्हणजे चांगले असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ‘गुड’ नाणे पुरते झिजलेले असते. चढत्या क्रमाने ही शिडी साधारण अशी आहे:

पुअर आणि फेअर : नाणे कोणते एवढेच ओळखता येते. वर्ष कष्टाने वाचावे लागते.

गुड आणि व्हेरी गुड : बाह्याकृती शिल्लक असते, आतील तपशील गेलेला असतो. चारमिनार दिसतो, पण तो सावलीसारखा.

फाइन : सगळीकडे झीज आहे, पण मुख्य तपशील स्पष्ट आहे. अक्षरे पूर्ण वाचता येतात.

व्हेरी फाइन : झीज फक्त उंचवट्यांवर आहे. बारीक रेषांपैकी बऱ्याच शाबूत आहेत.

एक्स्ट्रीमली फाइन : सर्वात उंच बिंदूच किंचित घासलेले आहेत. खोलगट भागांत मूळ झळाळीचे अवशेष दिसतात.

अनसर्क्युलेटेड : चलनातील झीज अजिबात नाही. तरीही पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले खरचटे असू शकतात.

‘प्रूफ’ हा शब्द या शिडीत बसत नाही. ते झीज सांगणारे नाव नसून नाणे पाडण्याच्या पद्धतीचे नाव आहे. चकाकी दिलेल्या चकतीवर खास घासलेल्या ठशांनी पाडलेले नाणे ते प्रूफ, मग ते पुढे झिजलेले का असेना.

१९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी अंकांची मोजपट्टी सुचवली. त्याची कल्पना अशी होती की १ प्रतीच्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तर पट किंमत ७० प्रतीच्या नाण्याला यावी. बाजाराने हे प्रमाण फार काळ पाळले नाही, पण अंक टिकले. आज ६० ते ७० हे अंक न वापरलेल्या नाण्यांसाठी राखून ठेवलेले असतात.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंक दिला म्हणजे मोजमाप झाले असे नाही. वजन हे मोजमाप आहे आणि दोन चांगल्या तराजूंवर ते सारखेच येते. प्रत हा निर्णय आहे. तेच नाणे दोन जाणकारांना दाखवले तर एक-दोन अंकांचा फरक पडू शकतो. प्रतीच्या शेजारी आणखी दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: नाणे किती दुर्मीळ आहे आणि ते किती जणांना हवे आहे. केवळ जुने म्हणून नाणे मौल्यवान होत नाही.

झीज नव्हे अशा गोष्टी

नाण्यावर काही दिसत नाही म्हणजे ते झिजले, असे समजू नये. यंत्रावर पाडलेल्या नाण्यातही ठसा जुना झाला असेल किंवा दाब कमी पडला असेल, तर तपशील मुळातच उमटत नाही. अशा जागी झळाळी मात्र शिल्लक असते. झिजलेल्या जागी ती नसते. फरक ओळखण्याची ही खूण आहे.

हातोड्याने पाडलेल्या नाण्यांत तर हे नेहमीचेच. शिवराई पैसा पाहा. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ यांतील सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच मिळतात. बीड जिल्ह्यातील धारूर मोगलांनी सतराव्या शतकात घेतल्यावर त्याचे नाव फत्हाबाद ठेवले, आणि ‘फत्हाबाद धारूर’ हे टांकसाळीचे नाव मोगल नाण्यांवर आढळते. अशा नाण्यावर टांकसाळीच्या नावाचा भाग चकतीवर आला आहे की बाहेर गेला आहे, हा प्रश्न झिजेपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

याउलट भोक पाडणे, कडी डाकणे, कड कापणे या गोष्टी झीज नसून इजा आहेत. आपल्याकडे रुपयांच्या माळा करण्याची रीत होती. तांड्यांवरील बायकांच्या दागिन्यांत अशी नाणी आजही दिसतात. संग्राहक अशा नाण्याची प्रत उतरवतो. पण त्या माळेला स्वतःचा इतिहास असतो, म्हणून प्रत वाढवण्याच्या नादात कडी काढू नये. डाकाचा डाग जात नाही आणि माळही जाते.

काळेपणा म्हणजे काय?

हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. चुलीचा धूर, गटारे, कुजणारे पदार्थ, रबर, लोकर यांतून गंधकाची संयुगे येतात. चांदीशी त्यांचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर अगदी पातळ असताना, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर दिसतात तसे, प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे पिवळे, जांभळे, निळे रंग दिसतात. थर जाड झाला की तो काळा दिसतो.

हा थर नाण्याच्याच चांदीतून बनलेला असतो. तो घासून काढणे म्हणजे नाण्याचा पृष्ठभाग काढणे. राख आणि भांड्यांची पूड खरवडतात. चिंचेतील आम्ल मिश्रधातूतील तांब्याची संयुगे विरघळवते. अॅल्युमिनियमची पत्री आणि सोड्याच्या गरम पाण्याची कृती पुस्तकांत असते. तिच्यात सल्फाइडची पुन्हा चांदी होते हे खरे, पण ती मूळ जागी मूळ रूपात बसत नाही आणि पृष्ठभाग निस्तेज होतो. ताटवाटीसाठी ही कृती ठीक आहे, नाण्यासाठी नाही. स्थिर झालेला काळा थर खालच्या धातूला काही प्रमाणात जपतोच.

तांब्याच्या नाण्यांवरचा तपकिरी किंवा घट्ट हिरवा थरही असाच राहू द्यावा. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग समजावा. क्लोराइडमुळे दमट हवेत ही क्रिया आतल्या आत चालू राहते. असे नाणे इतरांपासून वेगळे करून अगदी कोरड्या जागी ठेवावे.

साठवणीचे नियम सोपे आहेत. नाणे कडेने धरावे, कारण बोटांच्या घामातील क्षार आणि आम्ले ठसा उमटवून जातात. रबर बँड, लोकरीचे कापड, मऊ वासाचे प्लॅस्टिक टाळावे. पी.व्ही.सी.च्या मऊ पाकिटांतून काही वर्षांनी चिकट हिरवट स्राव सुटतो. जुने लोक रुपया दगडावर वाजवून घेत. आज तो प्रयोग करू नये, कडेला खोक पडते.

कोसंबींचा तराजू

झीज ही केवळ नासाडी नसून नोंदही असते, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवून दिले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असताना, १९४० च्या सुमारास, त्यांनी नाणी वजन करायला सुरुवात केली. आधी त्यांनी चालू चलनातील हजारो नाणी तोलली. एकाच प्रकारची नाणी जितका अधिक काळ चलनात राहतात, तितके त्यांचे सरासरी वजन घटते. त्याबरोबरच वजनांतील फैलाव वाढतो, कारण काही नाणी फार फिरतात आणि काही पडून राहतात.

मग त्यांनी हीच रीत तक्षशिलेच्या उत्खननात मिळालेल्या चांदीच्या आहत नाण्यांना लावली. या नाण्यांच्या मागील बाजूस लहान लहान खुणा असतात. ज्या नाण्यावर खुणा अधिक, त्याचे वजन सरासरीने कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे या खुणा वेळोवेळी केलेल्या तपासणीच्या असाव्यात आणि त्यांची संख्या नाण्याचे चलनातील वय सांगते. एकही लिखित तारीख नसलेल्या नाण्यांचा क्रम असा तराजूने लावता आला.

ही रीत एका अटीवर चालते: नाण्यांचे वजन फक्त चलनामुळे घटलेले असावे आणि एका ठेव्यातली नाणी एकत्र असावीत. नांगरताना किंवा विहीर खणताना सापडलेले गाडगे घरोघर वाटले गेले आणि प्रत्येकाने आपला वाटा चिंचेने उजळला, तर ती नोंद कायमची पुसली जाते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांना हा नियम शाळेतच सांगितला पाहिजे, आणि त्यामागचे कारणही.

वर्गात करण्यासारखे

पहिला प्रयोग वजनाचा. २०११ ते २०१८ या वर्षांची पिवळसर पाच रुपयांची नाणी ६ ग्रॅमची, २३ मिलिमीटर व्यासाची आहेत. (२०१९ पासूनचे नाणे मोठे आणि जड आहे, ते मिसळू नये.) २०११ ते २०१३ ची पंचवीस आणि २०१६ ते २०१८ ची पंचवीस नाणी जमवा. सोनाराच्या काट्यावर एकेक तोला. दोन्ही गटांची सरासरी आणि फैलाव काढा. फरक अगदी लहान असेल, कदाचित स्पष्ट होणारही नाही, कारण नवी नाणीही तंतोतंत सारख्या वजनाची नसतात. मिळालेला फरक झिजेचा की टांकसाळीच्या सवलतीचा, हा वाद वर्गात होऊ द्यावा.

दुसरा प्रयोग डोळ्याचा. दहा नाण्यांना क्रमांक द्या. मुलांचे दोन गट करून प्रत्येक गटाला ती झिजेच्या क्रमाने लावायला सांगा. एकमेकांचे उत्तर पाहू देऊ नका. दोन्ही क्रम शेजारी मांडले की टोकाची नाणी जुळतात आणि मधल्या नाण्यांवर मतभेद होतात. प्रत ठरवण्यातील निर्णयाचा भाग किती, हे त्यातून आपोआप कळते. त्याच वेळी वर्षाखालची टांकसाळीची खूणही शोधून घ्यावी: चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

शेवटी पैशाविषयी. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये मिळवा’ असे निरोप मोबाइलवर येतात आणि आधी काही रक्कम शुल्क म्हणून भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून अशी फसवणूक होत असल्याने बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. आपण असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्क घेत नाही, असे बँकेने स्पष्ट केले. आपल्या नाण्याचे वजन, वर्ष, टांकसाळ आणि अंदाजे प्रत ज्या घराला माहीत आहे, ते घर अशा निरोपाला बळी पडण्याची शक्यता कमी. नाण्यांचा गंभीरपणे अभ्यास करायचा असेल, तर नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली भारतीय मुद्राशास्त्र संशोधनाची संस्था आहे. शिक्षकांनी एकदा सहल म्हणून तिथे जावे. त्याआधी आपल्या गावातील किती घरांत हाली रुपये आहेत, कोणत्या वर्षांचे आहेत आणि ते किती झिजलेले आहेत, याची एक वही मुलांकडून करवून घ्यावी. नाणी घरोघरीच राहतील, घासली जाणार नाहीत आणि नोंद मात्र शाळेत जमा होईल.